कव्हरवर नसलेलं नाव

अठ्ठ्याण्णव साली आमच्या बँडने काढलेली शूगेझ या रॉक प्रकारातली कॅसेट फारशी कुणी ऐकली नाही. आता मुंबईची एक कंपनी ती पुन्हा काढतेय आणि कव्हरवर गायिकेचं नाव मागतेय. गायिका म्हणजे माझी बहीण भावना. शूगेझमध्ये आवाज गिटारींच्या गोंगाटात बुडवतातच. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तिचं गाणं बंद केलं होतं, त्यामुळे ते सोयीचंच पडलं. नाव छापण्याआधी त्यांना सांगायला आम्ही दोघं दिघीला गेलो आणि ओटीवर टेप लावला. आयुष्यभर आगरदांड्याच्या लाँचवर इंजिन सांभाळलेले आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. “भावना हाय,” ते मला म्हणाले. “तू कॅसेट आणलीस तवाच वळखली. इंजिन चालू असताना धक्क्यावरची हाक ऐकायचो मी.” “मग बोलला का नाहीत?” भावनाने विचारलं. “बोललो असतो तर तुला थांबवावं लागलं असतं. आता दुसरी बाजू लाव. तिकडं मोकळी गायलीस.”