ग्वान काकूंची पाठ

एकसष्ट नंबर पुकारला गेला तशी ग्वान काकूंनी यूलीला दंडाला धरून पुढे केलं.

"मी नको, तुम्ही जा," यूली म्हणाली. "तुमचा खांदा आखडलाय."

"खांदा काय पळून जातोय? चढ वर."

चिनी नवं वर्ष तीन दिवसांवर आलं होतं. जुना मळ अंगावर घेऊन नव्या वर्षात शिरायचं नाही, म्हणून अर्धं शेनयांग शहर त्या सार्वजनिक न्हाणीघरात लोटलं होतं. बायकांच्या बाजूला वाफेत तोंडं दिसत नव्हती, नुसते आवाज ऐकू येत होते. अंग घासून देणारी बाई मात्र एकच. तिचा आजचा शेवटचा नंबर काकूंना मिळाला होता, आणि तो त्यांनी आपल्या पाहुणीला देऊन टाकला.

यूली ओल्या बाकावर पालथी पडली. पेरू देशातून वर्षभर शिकायला आलेली, काकूंच्या घरी राहणारी ही मुलगी पहिल्या खेपेला इथे लाजून नुसती छताकडे बघत उभी होती. आता पाठीवर दोन थापा पडल्या की कुशीवर वळायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. घासणाऱ्या बाईने घासायचा खरखरीत हातमोजा चढवला आणि मानेपासून टाचेपर्यंत तिला सोलून काढली.

"हिचा मळ बघा गं," बाई ओरडून म्हणाली. "दोन थर आहेत. वरचा आपला, खालचा पेरूचा."

वाफेतून हशा आला. सगळ्यात मोठ्याने यूलीच हसली.

बाकावरून उतरताना मात्र तिला आपलं दुखणं आठवलं. चार महिन्यांत काकूंनी तिला घरातली इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. जेवणानंतर वाटी धुवायला घेतली की वाटी हातातून नाहीशी व्हायची. झाडू उचलला तर काका झाडू काढून घेत आणि त्याच हातात संत्रं ठेवत. न मागता लोकरी विजारी आल्या, न मागता उशाशी गरम पाणी आलं. सगळं तिच्याकडे यायचं, तिच्याकडून काही जायचं नाही. तिच्या आईच्या घरी ज्याला काम सांगत नाहीत तो माणूस संध्याकाळी निघून जाणारा असतो. इतक्या लाडातही तिला परकं वाटत होतं, आणि हे बोलून दाखवावं तर कृतघ्नपणा झाला असता.

काकू बुटक्या स्टुलावर बसून स्वतःची पाठ घासायला बघत होत्या. हात खांद्यापर्यंत जाई आणि तिथेच अडे. घासणारी बाई तर आपला बाक धुवायला लागली होती.

"दर वर्षी लेक घासते," काकू म्हणाल्या. "यंदा तिला ग्वांगझूच्या नोकरीतून सुटी नाही. राहिली पाठ तर राहिली."

शेजारच्या स्टुलावर त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या छ्यू आजी गोठवलेलं नासपती चोखत बसल्या होत्या. "वर्षाचा मळ पाठीवर घेऊन हिंडशील की गं," त्या म्हणाल्या.

यूलीने हातमोजा मागायला हात पुढे केला. काकूंनी तो छातीशी धरला.

"तू बस. ते दुसरं नासपती खा, वितळलं बघ."

"मी घासते ना, काकू."

"पाहुणीकडून पाठ घासून घेऊ? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

समोरच्या नळापाशी एका जाड्या बाईने शेजारणीला विचारलं, "घासायची का पाठ? आधी तुमची, मग माझी." शेजारीण लगेच पाठमोरी झाली.

यूली बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, त्या दोघी एकमेकींच्या कोण लागतात?"

काकूंनी वाफेत डोळे बारीक केले. "कोणी नाही. ती जाडी रेल्वे वसाहतीतली दिसते. दुसरीला मी कधी पाहिलं नाही."

"त्यांना चालतं. मग मी काय त्यांच्याहून लांबची आहे?"

काकूंनी छातीशी धरलेल्या मोज्याकडे पाहिलं.

"दे की आता तो मोजा," छ्यू आजी म्हणाल्या. "पोर गारठेल उभी राहून."

काकूंनी हातमोजा यूलीच्या हातात दिला आणि स्टूल फिरवून बसल्या.

पाठ रुंद होती, आणि उजव्या खांद्यावर औषधाच्या पट्टीचा चौकोनी डाग पडला होता. यूलीने हळूच सुरुवात केली. चिनी मातीचं भांडं पुसावं तसा तिचा हात फिरत होता.

"हे काय चाललंय? धूळ झटकतेस?" काकू म्हणाल्या. "चार महिने खाऊ घातलं ते गेलं कुठे? जोर लाव."

"लावते."

"आणि डावी बाजू कोण घासणार? अर्धवट कामं केलेली मला खपत नाहीत."

काकूंच्या घरातलं कुणी तिला रागावलं ते आज पहिल्यांदा. यूलीचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. तिने गुडघा टेकवला, दात ओठ खाऊन घासायला लागली, आणि काकूंच्या पाठीवरून मळाच्या वळ्या सुटायला लागल्या.

"हं," काकू म्हणाल्या. "आता कसं."

छ्यू आजींनी नासपतीची साल बाजूला ठेवली, तोंड पुसलं, आणि आपलं स्टूल फिरवून यूलीकडे पाठ केली.