बुटक्याच्या मामाचं गाव

ब्याण्णव साली धुळ्याच्या एका हॉस्टेलात दर रविवारी दुपारी हिलाल गोष्ट सांगायचा आणि बाकीचे फासे टाकत त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. पण पात्रांना एकत्र आणून मोहिमेवर धाडायची सुरुवातच जमेना. दरबारात गाठ घातली, तर पात्रं मानाच्या जागेवरून भांडली. तुरुंगात एकत्र कोंडली, तर त्यांनी एकमेकांनाच भोसकलं.

आज हिलालने पिंपळनेरकडून नव्यानेच आलेल्या भुरालाही ओढून बसवलं. महिनाभर कुणाशी न बोललेला भुरा कायमचं घरी जायला पेटी बांधून बसला होता.

"जंगलात तलवार उपसून एक बुटका समोर येतो," हिलाल म्हणाला. "राक्षसा, तू काय करशील?"

राक्षस झालेल्या भुराने बुटका झालेल्या दंगल नावाच्या पोराला विचारलं, "तुना मामानं गाव कोनतं?"

दंगल गडबडला. "काळदरी."

"काळदरीमा ते मनी मावशी शे! तलवार ठेव भो."

राक्षसाची मावशी बुटक्याच्या मामाच्याच गावची निघाली! सगळे हसून लोळले आणि मोहीम एकदाची निघाली.

चहाला थांबले तेव्हा दंगलने विचारलं, "आनि भुरा, तुनं खरं गाव कोनतं रे?"

महिन्याभरात हे आपण कुणीच विचारलं नव्हतं, हे हिलालला तेव्हा कळलं. भुरा गावाचं नाव सांगत होता, आणि सांगता सांगता शेजारी ठेवलेल्या पेटीची दोरी सोडत होता.