साडेतीन मिलीमीटर

“साडेतीन,” म्हणत कृषी सहायक सुयोगनं पंचायतीच्या ओट्यावरूनच मोबाईल दगडाबाईंपुढं धरला. “काल गावात साडेतीन मिलीमीटर पाऊस झालाय, मावशी. एवढाच.”

दगडाबाईंच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल होता. सकाळपासून त्या दोन एकरातले मोडलेले बांबू उचलत होत्या. तोडणीला आलेला टोमॅटो तारांसकट आडवा झाला होता आणि सरीत फळं तरंगत होती. शनिवारी पहिला तोडा बारामतीच्या मार्केट यार्डात जायचा होता.

“रानात चला आन मोजा. गुडघाभर पानी हाय.”

“रानातलं पाणी धरत नाहीत, मशिनचा आकडा धरतात. पासष्टच्या वर गेला तर अतिवृष्टी, मगच पंचनामा. साडेतीनला मी काय लिहू?”

“मग त्ये मशिन तरी दावा.”

मशिन पंचायतीच्या मागंच होतं. बदलत्या हवामानात गावानं तग धरावा म्हणून सरकारनं ते दिलं होतं आणि चांगलंच दिलं होतं, त्यात खोट नाही. पंधरा दिवसांपूर्वी साहेबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, फेटे बांधले, दीड तास भाषणं झाली. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून कुंपणाच्या चार खांबांना वरून भलामोठा फ्लेक्स ताणला होता. पाहुणे जेवून गेले. फ्लेक्स तिथंच राहिला.

त्याची छापील बाजू खाली होती. हात जोडलेले साहेब हसऱ्या तोंडानं बरोबर पाऊस मोजायच्या भांड्याकडं बघत होते. कालचं पाणी मावलं तेवढं फ्लेक्समध्ये साठलं होतं आणि साहेबांचं पोट गाभण म्हशीसारखं खाली लोंबत होतं. भांडं मात्र, वाऱ्यानं आत उडालेले साडेतीन मिलीमीटर सोडले तर, कोरडंठाक.

दगडाबाईंनी भांड्याकडं बघितलं, मग वर बघितलं. तळपायाची आग मस्तकाला गेली.

“पाऊस मोजायच्या भांड्यालाच छत्री धरलीया व्हय रं?”

सुयोगचा चेहरा पडला. पंधरा दिवस तो आकडे मोबाईलवरच बघत होता. इथवरची वीस पावलं काही तो चालला नव्हता. “चूक झाली, मावशी. सरपंचांना सांगून आजच सोडून घेतो. पण कालचा आकडा वर सरकारकडं गेलाय. तो आता बदलत नाही.”

“आन माझा टोमॅटू?”

सुयोगनं मोबाईल खिशात घातला. दगडाबाईंनी कुंपणाच्या फाटकाची तार सोडली, आत गेल्या आणि कमरेचा विळा काढला.

“मावशी, थांबा! फाडू नका! साहेबांचा फोटो आहे त्याच्यावर!”

दोन एकर आडवे झाले तेव्हा एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडलं नव्हतं.

दगडाबाईंनी टाचा उचलल्या, विळ्याचं टोक जोडलेल्या हातांत खुपसलं आणि खाली ओढलं. फ्लेक्स टरकन फाटला. सगळं पाणी धबाबा भांड्यावर कोसळलं. आतलं काहीतरी खटाखट वाजायला लागलं. मशिनच्या खांबावरच्या पडद्यावर सकाळी शून्यावर आलेला आकडा पळत सुटला. नऊ. सतरा. एकतीस.

“हे चालत नाही, मावशी!” सुयोग पडद्यावर दोन्ही हात धरून ओरडला. “हा खरा पाऊस नाही!”

नखशिखांत भिजलेल्या दगडाबाई भांड्याजवळून हलल्या नाहीत.

“खराच हाय,” त्या म्हणाल्या. “कालचा. तुमच्या सायबानं वरच्या वर आडवून धरला व्हता. हात काढा, मला आकडा बघू द्या.”