उबेची खोली

घरच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी, कडाक्याच्या थंडीत, सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली. हिला ऊब कमी पडू देऊ नका.

घरात ऊब एकाच खोलीत होती. मागच्या बाजूला सासू कोंबडीची पिल्लं वाढवायची, तिथे. जमिनीवर लाकडाचा भुसा, त्यावर हातभर उंचीवर लटकणारे बल्ब आणि त्यांच्याखाली दाटीवाटीने बसलेली पिवळी पिल्लं.

"या खोलीत एक पिल्लू कधी गारठून मेलेलं नाही," असं म्हणून सासूने पाळणा तिथेच आणला आणि मध्ये जाळी उभी केली.

"सांभाळून हो," सासरे दारातून म्हणाले. "पोरीला चोच फुटली तर लग्न जमवताना माझी पंचाईत व्हायची."

सून तेव्हा हसली होती. आता ती पाळण्याजवळ बसून चमच्याने दूध पाजत होती आणि दूध बाळाच्या ओठांच्या कडेने परत येत होतं. ताप चार दिवस हटत नव्हता. दवाखान्यातून आणलेली औषधाची बाटली अर्धी संपली होती.

सासू जाळीपलीकडे पिल्लांचं पाणी भरत होती. तिने पाळण्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं. तिचा जन्म पाखरांत गेला होता. जे पिल्लू जगायचं नसतं ते आधी ओरडायचं थांबतं, मग मान आखडून बल्बपासून लांब जाऊन बसतं, हे तिला ठाऊक होतं. नात सकाळपासून रडली नव्हती. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही.

सासूचा मुलगा दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आला. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"बाळ इथे झोपतं?"

"इथेच ऊब आहे ना," सासू म्हणाली.

नर्सबाईंनी बाळाच्या छातीवर हात ठेवला. घड्याळाकडे बघत श्वास मोजले. मग हळू आवाजात मुलाला म्हणाल्या, "गाडी बघा. मोठ्या इस्पितळात न्यायचंय. आत्ता."

तो धावला. नर्सबाईंची नजर पिल्लांच्या पाण्यावर गेली. पाणी गुलाबी होतं.

"यात काय घातलंय?"

"औषध. रोज घालते."

"पिल्लं आजारी आहेत का?"

"छे हो. आजारी पडू नयेत म्हणून."

सासूने फळीवरचं पाकीट काढून दिलं. तिच्या बोटांनाही तोच गुलाबी रंग लागलेला होता. त्यातलंच एक बोट सकाळी तिने दुधात बुडवून नातीला चोखायला दिलं होतं. नर्सबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं, बाळाच्या औषधाची बाटली उचलली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली.

"एकच औषध आहे."

सासूचा चेहरा खुलला. "म्हणजे आम्ही बरोबरच देत होतो की."

"नाही, आजी." नर्सबाईंनी पाकीट खाली ठेवलं. "या खोलीतले जंतू रोज हेच औषध पिऊन वाढलेत. त्यांना त्याचं काहीच वाटत नाही आता. त्यातलेच बाळाच्या अंगात गेले असतील, तर या बाटलीने ताप कसा उतरेल?"

सासूने पाकीट उचलून परत फळीवर ठेवलं. तिला समजलं नाही असं नव्हतं. आधी ती पांढरी पूड घालायची. ती लागू पडेना तेव्हा दुकानदाराने पिवळी दिली. पिवळीही चालेना तेव्हा ही गुलाबी. का चालत नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

"मग हिला दुसरं द्या," ती म्हणाली. "आम्हीही तसंच करतो."

"तेच करायचंय. डॉक्टर दुसरं देतील. ते नाही लागू पडलं तर तिसरं."

"आणि तिसरंही नाही पडलं तर?" सुनेने विचारलं.

नर्सबाई बाळाला दुलईत गुंडाळत होत्या. गुंडाळून झालं होतं, तरी पुन्हा गुंडाळत राहिल्या.

सून सासूकडे वळली. "आई, तुम्ही काय करता? कुठलीच पूड चालेनाशी झाली की?"

तसं एकदा झालं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं तसं तिने केलं होतं. सगळी पिल्लं पोत्यात भरली, परसात खड्डा खणून पुरली, खोली चुन्याने धुऊन काढली आणि नवीन पिल्लं आणली. सून तेव्हा या घरात आलेली नव्हती.

सून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"ऊब वाढवते," सासू म्हणाली.

बाहेर गाडी आली. नर्सबाई बाळाला घेऊन पुढे निघाल्या, सून अनवाणीच त्यांच्या मागे धावली. गाडीचा आवाज लांब गेला तरी सासू पाळण्यापाशी उभी होती. मग तिने आपली बोटं आधी हुंगली आणि पदराला पुसली. रंग गेला नाही.

जाळीपलीकडे पिल्लं पाण्यावर आली होती. चोच बुडवायची, मान वर करायची, गिळायचं. पुन्हा चोच बुडवायची.

त्या खेपेला एकही पिल्लू दगावलं नाही. नात शनिवारी सकाळी इस्पितळात वारली.