होडीतलं तिसरं ओझं

सिस्टर अगाथांच्या अंगात ताप असतानाही फादर लीव्हननी त्यांना कांगोच्या जंगलात हट्टाने नेलं होतं. त्या तिथेच वारल्या; त्यांना पुरून ते भर दुपारी परत निघाले. होडीत आता फादर आणि नावाडी इलोंगा असे दोघंच होते. तरी होडी जाताना तिघं होते तेव्हाइतकीच पाण्यात बुडालेली होती.

"फादर, सिस्टरना उतरायला सांगा," मागे न बघता इलोंगा म्हणाला. "पुढे पाण्याला जोराची धार आहे. तिघांचं ओझं हिला पेलायचं नाही."

"काहीतरी बरळू नकोस!"

पण पाणी आत येऊ लागलं. इलोंगाने होडी काठाला लावली. फादर मागच्या रिकाम्या फळीकडे बघून म्हणाले, "सिस्टर, इथं उतरा. मला माफ करा."

होडी वीतभर वर आली. चिखलात अनवाणी पावलं उमटत झाडीत गेली.

मग झाडीतून होडीकडे पावलं उमटू लागली. या वेळी दोघांची.