मागच्या सीटची पायरी

साखर कारखान्यातून एकाच दिवशी निवृत्त झालेल्या आश्रुबा आणि राधाकिशन यांनी लांबच्या प्रवासाची सारखीच मोटारसायकल घेतली. राधाकिशननी पुढं उंच काच बसवली, तर आश्रुबांनी तिच्याहून वीतभर उंच बसवली. त्यांनी दोन पिवळे दिवे लावले, यांनी चार. "लोक टँकरची वाट बघायलेत अन् ह्या दोघांचं काय चाललंय!" म्हणत गल्ली हसायची.

एका सकाळी राधाकिशननी टँकरच्या रांगेसमोरच गाडी उभी केली. मागच्या सीटखाली नवी लोखंडी पायरी होती. छबुबाई तिच्यावर पाय देऊन, नवऱ्याचा खांदा धरून ऐटीत वर बसल्या.

"असली पायरी हाय का बे तुझ्या गाडीला?" राधाकिशन रांगेतल्या आश्रुबांकडं बघून ओरडले.

आश्रुबांचा जळफळाट झाला. ते तडक वेल्डरकडं गेले. "मलाबी तसलीच पायरी बसव."

वेल्डर घुटमळला. "काका, काकूला जाऊन वर्ष झालं. पायरी कुणासाठी बसवायची?"

आश्रुबा बराच वेळ मागच्या सीटवरची धूळ पुसत राहिले.



"त्याच्यापेक्षा चार बोटं खाली बसव. तिचे गुडघे लई दुखायचे."