विसाव्याचा थांबा

शशांकच्या वडिलांना घेऊन शववाहिनी निघाली तेव्हा काचेवर आकडा उमटला: स्मशान, सहा मिनिटं. शहरातल्या सगळ्या गाड्या एकाच यंत्रणेच्या हाती गेल्यापासून मधे कुणी थांबत नसे. धूर नव्हता, हॉर्न नव्हता आणि नऊ वर्षांत रस्त्यावर कुणी मेलं नव्हतं.

"पिंपळाच्या पारापाशी विसावा आहे," आई म्हणाली. "तिथे तिरडी घटकाभर खाली टेकवायची असते. तुझ्या आजोबांचीही टेकवली होती."

शशांकने गाडीला थांबायला सांगितलं. पडद्यावर कारणांची यादी आली: आग, बिघाड, रुग्ण अत्यवस्थ. विसावा त्यात नव्हता, आणि पिंपळ तर दिसू लागला होता. त्याने घाईघाईत शेवटचं कारण दाबलं.

गाडी थांबली नाही. पाराला वळसा घालून ती उलट दिशेला लागली. पुढच्या गाड्या आपापल्या कडेला सरकल्या आणि इस्पितळापर्यंतचा रस्ता मोकळा झाला.

"रुग्णाला अकरा मिनिटांत पोचवत आहोत," गाडी म्हणाली. "कृपया धीर धरा."

"चुकलंच माझं," शशांक पुटपुटला आणि आदेश रद्द करायची खूण शोधू लागला.

आईने तिरडीवरची घसरलेली फुलं सारखी केली. मग नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून ती नीट टेकून बसली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तेवढीच अकरा मिनिटं सोबत."